एका हाताची हत्यारं

माझा मामा मोटार मेकॅनिक. पेट्रोल गाड्यांचं इंजिन हा त्याचा खास प्रांत. रस्त्यावरून जाणारी गाडी 'मिसिंग मारतेय', म्हणजे तिच्या इंजिनाचा ठोका चुकतोय, हे त्याला गाळ्यात बसून, चहाचा कप तोंडाला लावलेला असताना कळायचं. प्लग बदलणं तर त्याच्या डाव्या हाताचा मळ, असं सगळे म्हणायचे. एका सकाळी दात घासताना त्याच्या हातातून ब्रश गळून पडला. दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा पाय चालत होता, जीभ वळत होती, पण उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता.

"आता खरंच डाव्या हाताचाच मळ," मामा म्हणाला. त्यावर कोणी हसलं नाही.

मामीने गाळ्याचं शटर ओढून घेतलं. जुनी हत्यारं तिने पेटीत भरून पलंगाखाली सरकवली, त्याच्या नजरेला पडायला नकोत म्हणून. काही महिने तो खिडकीशी बसून राहिला. मग एक दिवस मी भेटायला गेले, तर हा चपला घालून दारात उभा.

"भाचीबाई, चल माझ्याबरोबर. पाने घ्यायचेत."

"अहो, पलंगाखाली पेटीभर पडलेत की!" मामी आतून म्हणाली.

"ते दोन हातांचे आहेत," मामा म्हणाला.

हत्यारांचं दुकान चालवणाऱ्या बाई मामाला वर्षानुवर्षं ओळखत होत्या. त्यांनी हाताकडे एकदा पाहिलं, चौकशी केली नाही, आणि चकचकीत पेटीतला आख्खा सेट काढून समोर ठेवला.

"सेट नको बाई. मला एकेक बघू द्या."

मग जे सुरू झालं ते मी आजवर कुठल्या खरेदीत पाहिलेलं नाही. त्याने आधी रॅचेट मागितले, नटावरून न उचलता नुसते पुढे-मागे हलवून फिरवायचे पाने. एकेक डाव्या मुठीत धरायचा आणि त्याच हाताच्या अंगठ्याने उलट-सुलट फिरवायची कळ दाबून बघायचा. अंगठा पोचला नाही, की बाजूला. पोचला पण कळ घट्ट असली, तरी बाजूला. जे उरले ते कानाशी नेऊन हळूहळू फिरवले. "बारीक दात्यांचा हवा," तो मला म्हणाला. "इंजिनाच्या खबदाडीत हात हलवायला जागाच नसते. जरासं हललं तरी पुढचा दाता धरला पाहिजे."

प्लगवर बसणाऱ्या नळकांड्यापाशी, म्हणजे सॉकेटपाशी, तो बराच वेळ अडला. काहींच्या आत प्लग धरून ठेवायला रबर होतं, काहींत लोहचुंबक. बाईंनी रबराचा पुढे केला. मामाने त्यात प्लग खुपसला, ओढून पाहिला आणि मान हलवली.

"हा घट्ट धरतो. पण कधी कधी इतका, की प्लग बसल्यावर सॉकेट भोकातच अडकून राहतो आणि दांडा तेवढा हातात येतो. पूर्वी दुसऱ्या हाताने काढायचो. आता कोण काढणार? चुंबकाचा द्या."

सॉकेट खोल पोचवायचा दांडा त्याने एकसंध, लांब घेतला. आधीचा जोडदांडा त्याला नको होता, कारण तो सुटला तर परत जोडायला दोन हात लागतात. शेवटी तो म्हणाला, "आणि रबरी नळी. वीतभर."

बाई हसल्या. "एवढीशी? ती अशीच न्या."

टॉर्क रेंच मात्र त्याने नुसताच उचलून पाहिला आणि परत ठेवला. ठरावीक जोर लागला की 'कट्' वाजणारा हा लांब पाना. एका हाताने तो ओढताना त्याचं डोकं दुसऱ्या हाताने दाबून धरावं लागतं, नाहीतर ते कलतं आणि आतला प्लग तडकतो. बाईंनी तो न विचारता पिशवीत घातला. "घेऊन तर जा. नाही जमलं तर परत आणा."

पहिलं गिऱ्हाईक समोरचे बेकरीवाले. त्यांची पावाची व्हॅन चढावर धापा टाकत होती. खरं तर ते दुसरीकडे जाणार होते, पण मामाने खिडकीतून हाक मारून त्यांना थांबवलं. इंजिन गार होईपर्यंत व्हॅन गाळ्यासमोर उभी राहिली. मामी दारात हाताची घडी घालून उभी.

मामाने प्लगच्या भोकांभोवतीची धूळ आधी उडवली. प्लगना वीज देणाऱ्या कॉइल एकेक करून उपसल्या. पहिले तीन जुने प्लग सरळ निघाले, चुंबकाला चिकटून वर आले. चौथा थेट समोरच्या काचेखालच्या पत्र्याच्या आत, दिसतही नव्हता. मामाने डोळे मिटले. दांडा आत सोडला, सॉकेट टेकल्याचा बारीक आवाज झाला. रॅचेट टिचभर हलायचा, परत यायचा, पुन्हा टिचभर. आणि मग प्लग वर आला, काजळीने काळाकुट्ट.

"हाच तो," मामा म्हणाला.

आता नवे बसवायचे. त्याने नव्या प्लगच्या शेंड्यावर रबरी नळी चढवली, प्लग भोकात सोडला आणि नळीचं वरचं टोक दोन बोटांनी फिरवू लागला.

"पाना का नाही लावत?" मी विचारलं.

"पाना आंधळा असतो. आटे वाकडे लागले तरी दामटून बसवतो, मग इंजिनाच्या हेडचे आटे गेलेच म्हणून समज. नळी तशी नाही. वाकडं लागलं, की ती हातातल्या हातात घसरते."

चारही प्लग बोटांनीच खाली गेले. उरलं ते शेवटचं आवळणं. मामाने टॉर्क रेंच दांड्यावर चढवला आणि थांबला. बेकरीवाले पुढे झाले. "मी दाबून धरू का?"

"थांबा."

त्याने डाव्या हाताने स्वतःचा उजवा हात मनगटाशी धरला, उचलला, आणि त्याचा पंजा रेंचच्या डोक्यावर ठेवला. मग कोपर वाकवून छातीने वरून टेकला. तो हात काही करत नव्हता. नुसता वजन देऊन तिथे होता. डोकं कललं नाही. डाव्या हाताने ओढलं. कट्.

मामीच्या तोंडून कसलासा आवाज निघाला. मी तिच्याकडे बघू शकले नाही. घरातले आम्ही सगळे ज्या हाताकडे बघायचं टाळत होतो, त्याला या माणसाने कामाला लावलं होतं.

व्हॅन सुरू झाली. इतकी शांत, की बेकरीवाल्यांनी किल्ली पुन्हा फिरवायला हात नेला. "अहो, चालू आहे ती!" मामा ओरडला.

त्यानंतर गाळा उघडा राहू लागला, पाटीवर फक्त प्लग आणि ट्यूनिंग. दिवसाला एखादीच गाडी, तीही सावकाश. घाईतल्यांना तो स्वतःच दुसऱ्याचा पत्ता देतो. जे थांबतात ते सहसा बोलत नाहीत, बघत राहतात. मीही कितीदा पाहिलंय. हत्यारं ओळखीची झाली, क्रम पाठ झाला. तरी चौथ्या प्लगपाशी तो डोळे मिटतो, तेव्हा माझा श्वास आपोआप रोखला जातो.