परसोंचं पाणी

अविनाश पेंडशांना ‘अंदाजे’ हा शब्दच मान्य नव्हता. चहाला पाणी ते मापाच्या कपाने घेत आणि ‘थोड्या वेळाने येतो’ म्हणणाऱ्या प्लंबरला ‘थोड्या म्हणजे नेमक्या किती?’ असं विचारून पळवून लावत. औषधांच्या कारखान्यात गोळ्या तपासण्यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. सुरुवातीची पुण्याला, शेवटची चौदा हैदराबादेत. कारखान्यात इंग्रजी, घरात मराठी. मधलं अख्खं हैदराबाद त्यांच्या बायकोने, वैशालीने सांभाळलं. बेगम बाजारात मिरच्यांचा भाव पाडायचा असो की गच्चीच्या किल्लीवरून भांडायचं असो, ती तिथल्यांना त्यांच्याच बोलीत भारी पडायची. अविनाशराव मागे पिशवी धरून उभे राहत आणि घरी आल्यावर तिचं व्याकरण सुधारत.

फेब्रुवारीत वैशाली गेली. मूलबाळ नव्हतं. विद्यानगरच्या त्या तिसऱ्या मजल्यावर उरले अविनाशराव आणि बाल्कनीतली एक कुंडी.

कुंडीत सक्युलंट होतं, पानांतच पाणी साठवणारं झाड. कमळासारखं पानावर पान रचलेलं, जांभळट राखी, वर पिठी भुरभुरल्यासारखा थर. दोन जातींचा संकर, नाव ग्राप्टोवेरिया. वैशालीच्या जिभेला ते कधी वळलं नाही. ती त्याला ‘आमच्या राणीसाहेब’ म्हणायची. नर्सरीत गळून पडलेल्या एका पानापासून तिने ते वाढवलं होतं. तिच्या हातचं घरात आता दुसरं काही राहिलं नव्हतं, लोणचंसुद्धा एप्रिलमध्ये संपलं. तेव्हा हे झाड जगलं पाहिजे, एवढं एकच काम अविनाशरावांनी स्वतःला लावून घेतलं.

पण पाणी किती दिवसांनी घालायचं? जूनमध्ये ते कुंडी पिशवीत घालून वळणावरच्या नर्सरीत गेले. नर्सरीवाल्या सादिकभाईने कुंडी लगेच ओळखली.

“ये तो मॅडम का पौधा है ना? कैसे हैं मॅडम?”

“घर पे हैं,” अविनाशराव म्हणाले. असं का म्हणालो, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. पण त्या दिवशी परतताना जिना चढायला जरा हलकं वाटलं.

“और पानी?”

“अभी नक्को साब. परसों डालो.”

परसों म्हणजे परवा. हे काय पेंडशांना कुणी शिकवायला हवं? ऐकलं सोमवारी, पाणी घातलं बुधवारी. बुधवारपासून परवा म्हणजे शुक्रवार. मग रविवार. प्रत्येक वेळी साठ मिलिलिटर, मापाने, आणि कॅलेंडरवर निळी खूण. खरं सांगायचं तर या दिवसांची ते वाट बघायचे. पाण्याच्या दिवशी सकाळी दाढी करायचे. मधल्या दिवशी कशासाठी उठायचं, हा प्रश्नच असायचा.

अति तिथे माती म्हणतात ते खोटं नाही. पाचव्या आठवड्यात खालची पानं पिवळट, पाणचट झाली आणि बोट लावताच गळून पडली. देठ काळा दिसू लागला. अविनाशराव घाबरले. वैशालीच्या आजारपणातही ते इतके घाबरले नव्हते, कारण तेव्हा घाबरलोय असं सांगायला ती स्वतः होती.

कुंडी आणि भिंतीवरचं कॅलेंडर, दोन्ही घेऊन ते नर्सरीत गेले. “आप बोले परसों. मैं बराबर परसों डाला. हर परसों.”

सादिकभाईने निळ्या खुणांवरून बोट फिरवलं आणि तो मिशीत हसला. “साब, परसों बोले तो कभी बी. मट्टी सूख को कड़क हुई, तब परसों. मेरे अब्बा परसों गुजरे, बीस साल हो गए. मॅडम नहीं बोले क्या आपकू?”

एकशे एकसष्ट दिवस झाले होते. आकडा अविनाशरावांच्या ओठांवरच होता, रोज सकाळी ते त्यात एक मिळवत. पण तोंडून निघालं वेगळंच.

“मॅडम परसों गुजर गई.”

कधी, ते सादिकभाईने विचारलं नाही. त्याने काळा देठ बोटाने दाबून पाहिला. “वहीच मैं बोलूं,” तो हळू म्हणाला. “उनो रहते तो इत्ता पानी नहीं पड़ता.”

मग त्याने चाकूचं पातं पुसलं, कुजलेल्या देठाच्या वरून झाडाचा शेंडा पानांसकट कापला आणि कागदात गुंडाळून दिला. “इत्ता बच गया. छाँव में रखो. पंद्रह दिन पानी नक्को, मट्टी नक्को, हाथ बी नक्को लगाओ. जड़ां अपने आप आते.”

अविनाशरावांनी पुडी दोन्ही हातांनी धरली. झाड वाचणार होतं. त्यांना आनंद झाला, खरंच झाला. पण पंधरा दिवस हा आकडा मनात नीट उतरला आणि ते निघता निघता मागे वळले.

“आणि तोवर मी काय करू?” त्यांनी विचारलं. विचारलं ते मराठीतच.

सादिकभाई तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गुलाबाकडे वळला होता. झाडाबद्दलच विचारताहेत, असं त्याला वाटलं.

“कुछ नक्को करो साब,” मान न वळवता तो म्हणाला. “कुछ बी नक्को.”