आप्पा, उठू नका

माझ्या डोक्यात सट्ट्याचं भूत शिरलं त्याला दुसरं कुणी जबाबदार नाही, हे आधीच सांगून टाकतो. लोक संगतीवर ढकलतात. माझी संगत म्हणजे माझाच मोबाईल. वडवणीत स्टँडजवळ आमचं जनावरांच्या सरकी-पेंडीचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मी क्रिकेटवर पैसे लावायचो, आधी शंभर, मग हजार. जिंकलो की येईल त्याला चहा पाजायचा, हरलो की येईल त्याच्या अंगावर वस्सकन जायचं. बायको म्हणायची, "तुमाला काय इंचू चावला का?" काय सांगणार, कपाळ!

त्या उन्हाळ्यात आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, छातीत अधूनमधून कळ यायला लागली. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी हृदयाची तपासणी सांगितली. त्यासाठी तीस हजार मी कागदांसोबत एका पाकिटात घालून गल्ल्यात ठेवले. संध्याकाळच्या बसनं आम्ही बापलेक निघणार, बहिणीकडे मुक्काम, सकाळी तपासणी. आणि त्याच दुपारी सामना होता. रोखीनं सट्टा घेणारा माणूस चौकातच बसतो. मी पाकिटातले पैसे काढून त्याच्या हातात दिले. कावून दिले? तीसचे साठ झाले तर आप्पांना दवाखान्यात चांगली खोली घेऊ, अशी मनाची समजूत घातली. मन लई लबाड, लगेच पटतं त्याला.

आप्पा पिशवी घेऊन दुपारीच दुकानात आले. गल्ला उघडून पाकीट पिशवीत टाकलं आणि पेंडीच्या पोत्यावर टेकले. पाकीट त्यांनी उघडून बघितलं नाही, तेवढ्यावर मी सुटलो. मी काउंटरवर मोबाईल उभा करून सामना बघत होतो. मी पैसे लावलेल्या संघाच्या चार विकेट गेलेल्या. आप्पा बसले आणि पुढच्याच चेंडूला षटकार!

आमच्या घरात एक नेम होता, आप्पांनीच घातलेला. रेडिओवर सामना चालू असताना खेळ जमला, की जो जिथं बसलाय त्यानं तिथून हलायचं नाही. लहानपणी मी लघवी दाबून बसलेलो आहे. "उठलास अन् विकेट गेली तर बघ," असा दम असायचा.

बसची वेळ झाली. आप्पा म्हणाले, "चल, गाडी लागली आसंल."

"आप्पा, उठू नका! आत्ता कुठं जमलंय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "माझाच नेम मलाच व्हय रे?" म्हणाले आणि परत टेकले. बस निघून गेली. मागनं जीप मिळेल, असं मी म्हणालो.

थोड्या वेळानं ते डावा खांदा चोळायला लागले. "जरा भाईर वाऱ्याला बसतो."

"चारच ओव्हर राहिल्यात, आप्पा. हलू नका."

मला दिसत होतं हो! कपाळावरचा घाम दिसत होता, सदरा पाठीला चिकटलेला दिसत होता. उन्हाळा हाय, घाम यायचाच, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला एकच धास्ती होती, ते उठतील याची.

शेवटच्या चेंडूला चौकार गेला. मी टाळी वाजवून ओरडलो. मागून बारीक आवाज आला, "झालं का? उठू का आता?"

वळून बघतो तर आप्पा पोत्यावरच कलंडलेले.

अंबाजोगाईला नेताना धारूरच्या घाटात जीपमध्ये त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. जे जे देव आठवले त्यांना हात जोडले. डॉक्टर एवढंच म्हणाले, "दुखायला लागल्याबरोबर का नाही आणलं?" आप्पा वाचले, पण हृदय कायमचं अधू झालं. आता घरापासून दुकानापर्यंत येताना दोनदा थांबावं लागतं.

तिसऱ्या दिवशी बहीण चहा आणायला खाली गेली, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं.

"आलं का रं परत पैसं?"

"कसले पैसे, आप्पा?"

"पाकीट हाताला हलकं लागलं तवाच कळलं मला. म्हनून तर बसलो. उठलो आसतो अन् तू हरला आसतास, तर काय तोंड दाखवलं आसतंस घरी?"

मला रडू फुटलं. ते हात थोपटत राहिले. बहीण चहा घेऊन आली आणि तिनं विचारलं, "काय झालं?" आप्पाच म्हणाले, "काय न्हाई, भ्यालाय त्यो."