हरलेला गोलकीपर

काल दुपारी टीव्हीवर हॉकीच्या विश्वचषकाची अंतिम मॅच संपली आणि हरलेल्या संघाचा गोलकीपर हेल्मेट काढून गोलपोस्टला टेकून बसून राहिला. कॅमेरा लगेच जिंकलेल्यांकडे वळला. माझं मन मात्र लहानपणीच्या मिरजेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जाऊन पोहोचलं.

परदेशात चाललेल्या हॉकीच्याच एका स्पर्धेची फायनल आम्ही तिथे रेडिओवर ऐकली होती. बाबा रेल्वेच्या संघाचे गोलकीपर. अख्खी मॅच त्यांनी उभ्यानेच ऐकली. चेंडू आपल्या गोलजवळ आला की त्यांचे गुडघे आपोआप वाकत. शेवटच्या मिनिटाला आपण गोल केला आणि जिंकलो. शेजारपाजारचे सगळे आमच्या खोलीत नाचू लागले. बाबा तेवढे खुर्चीवर बसले.

आई हसत म्हणाली, "अहो, जिंकलो ना आपण! मग असे गप्प का?"

"आनंद झालाय गं," बाबा म्हणाले. "पण त्या गोलकीपरने शेवटच्या मिनिटाला गोल खाल्लाय. त्याच्याही घरी रेडिओ लावून बसले असतील."

आईने हळूच रेडिओचा आवाज कमी केला आणि बाबांच्या शेजारी येऊन बसली.