निकालापर्यंत थांब

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. देवासमोर हात जोडून उभा असताना मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि मराठीत लिहितोय, कारण माझ्या घरात हे वाचू शकेल असं कुणी नाही. आम्ही तंजावूरचे मराठी. घरात बोलतो मराठी, पण लिहिणं-वाचणं सगळं तमिळमध्ये. माझी पहिली नोकरी पुण्यात झाली, तिथं ही लिपी हाताला लागली. म्हणजे कबुली द्यायची तीही अशा अक्षरांत, की ज्यांना ती द्यायला हवी त्यांना वाचता येऊ नये. बघा, सुरुवातच अशी.

माझं काम काय ते आधी सांगतो. आमची कंपनी कारखान्यांतल्या कामगारांच्या तब्येतीवर लक्ष ठेवते. जिथं धूळ आहे, कान बधिर करणारा आवाज आहे, विषारी काही आहे, तिथं आमचे डॉक्टर जातात, रक्त तपासतात, कान तपासतात, नळीत फुंकायला लावून छाती तपासतात. मुख्य ऑफिस चेन्नईला. तंजावूरची शाखा माझ्याकडे. मी डॉक्टर नाही. माणसं, गाड्या, करार सांभाळणारा मॅनेजर.

कंपनी शेअर बाजारात गेली आणि आमचं सगळं जगणं तिमाहीवर आलं. दर तीन महिन्यांनी निकाल. निकाल लागला की आमचे मोठे साहेब गुंतवणूकदारांशी फोनवर बोलतात — नफा किती झाला, पुढं किती होईल. शाखाशाखांतून आम्ही तो फोन ऐकत बसतो. पुढचा अंदाज चांगला असला की सगळे खूश. तो खाली आला, तर कुठली शाखा बंद होणार याची कुजबुज सुरू.

हे मी निमित्त म्हणून सांगत नाही. की सांगतोय? मलाच नक्की कळत नाही.

आमच्या शाखेत डॉक्टर भानुमती होती. भानू. आमच्याच लोकांतली, आमच्याच गल्लीत वाढलेली. तिचे वडील गुरुमूर्ती राव शाळामास्तर होते. मुलगी डॉक्टर झाली तेव्हा ते माझ्याकडे आले, म्हणाले, हिला गावातच काही मिळालं तर बरं होईल. मी तिला नोकरी दिली. ती मला मामा म्हणायची, ऑफिसातसुद्धा. चारचौघांत ‘सर’ म्हण, असं मी एकदोनदा सांगून पाहिलं. ती हसायची आणि पुन्हा मामाच म्हणायची.

तंजावूरच्या बाहेर जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवणारा एक कारखाना होता. तो आमच्याकडे तपासणीला होता. त्या मालकांचे राज्यभर असे बरेच कारखाने. ते सगळे आमच्याकडे द्यायचे की नाही, यावर त्यांचा विचार चालला होता. चेन्नईहून मला रोज फोन. हा करार त्या तिमाहीच्या निकालाआधी पदरात पडायला हवा होता. साहेबांना पुढचा अंदाज सांगताना तो सांगायचा होता.

आणि त्याच दिवसांत भानू माझ्या केबिनमध्ये आली. दार लावून घेतलं. खुर्चीवर बसली नाही.

भट्टीवरच्या काही जणांच्या रक्तात शिसं फार वाढलं आहे, असं ती म्हणाली. सगळ्यात जास्त एकाचं — कलियपेरुमाळचं. त्याला पोटात कळा येतात, भूक मेली आहे, हाताला मुंग्या येतात. त्याला ताबडतोब भट्टीवरून हलवायला हवं आणि कारखाना निरीक्षकांना कळवायला हवं. कायद्यानं ते डॉक्टरचं कामच आहे.

“मामा, हे थांबण्यासारखं नाही,” ती म्हणाली. “शिसं आधी पोटाला धरतं, मग नसांना.”

कलियपेरुमाळला मी ओळखत होतो. तिरुवैयारूचा माणूस. दिवसा भट्टीवर, आणि लग्नसराईत तविल वाजवायचा — नादस्वरम या आमच्याकडच्या लांब सनईबरोबर वाजतो तो ढोल, उजव्या हाताच्या बोटांना टोपणं चढवून, डाव्या हातात काठी घेऊन वाजवायचा. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या तेच. पण लग्नसराई काही बारा महिने नसते, म्हणून कारखाना. एका तपासणीच्या दिवशी रांगेत उभा राहून तो बाकावर बोटं वाजवत होता, तेव्हा आमची ओळख झाली. माझ्या भाचीच्या लग्नाला मी त्यालाच सांगितलं होतं.

तर भानू उभी होती. मी तिला काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं.

“निकालापर्यंत थांब,” मी म्हणालो. “लिहून काही पाठवू नकोस. निरीक्षकांना मी स्वतः कळवतो. कारखान्याशीही मीच बोलतो.”

ती जरा घुटमळली. नक्की ना, असं तिनं विचारलं. मी म्हणालो, माझ्यावर सोड. आणि तिनं सोडलं. का नाही सोडणार? लहानपणी माझ्या स्कूटरवर पुढं उभी राहून देवळात आलेली मुलगी ती.

मी कुणाला कळवलं नाही. कारखान्याशीही बोललो नाही.

निकाल लागला. फोनवर साहेबांनी त्या कराराचा उल्लेख केला, पुढच्या वर्षाचा अंदाज वाढवून सांगितला. दक्षिणेकडच्या शाखांचं कौतुक केलं. मी ऑफिसात सगळ्यांना कॉफी पाजली. आता तरी कळवायला काय हरकत होती? पण आता तर अंदाजच त्या करारावर उभा होता. करार नवा होता, मालक बिथरले असते. आणखी थोडं थांबावं, असं वाटलं. भानूनं विचारलं तेव्हा मी म्हणालो, कळवलंय, सरकारी काम आहे, वेळ लागतो. कारखान्यातही त्याला हलवणार आहेत, असं बिनदिक्कत सांगून टाकलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. पुढच्या तपासणीला अजून अवकाश होता.

मग भाचीचं लग्न आलं. ओरत्तनाडूला, तिच्या सासरकडच्यांच्या मंडपात. कलियपेरुमाळ आला होता. बारीक झालेला, चेहरा मातकट. मला बघून त्यानं वाकून नमस्कार केला. मी त्याला विचारलं का, कसा आहेस? नाही विचारलं. जेवलास का, एवढंच विचारलं.

आमच्याकडे मंगळसूत्र बांधायच्या क्षणी सगळी वाद्यं एकदम जोरात वाजवतात. एखादा अशुभ शब्द, एखादी शिंक कुणाच्या कानावर पडू नये म्हणून. भटजींनी बोट उंचावून खूण केली. नादस्वरम उठलं. मी पहिल्या रांगेत अक्षता घेऊन उभा होतो, आणि माझं लक्ष नवरानवरीकडे नव्हतं. कलियपेरुमाळचा उजवा हात मनगटापासून खाली लोंबत होता. तो उचलायला बघत होता आणि हात उठत नव्हता. डाव्या हातातली काठी तेवढी पडत होती, एकटीच, वेडीवाकडी. दुसऱ्या तविलवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि जोर वाढवून सावरून घेतलं. पाहुण्यांपैकी कुणाला काही कळलंही नसेल. कलियपेरुमाळनं डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि तो त्याच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या कुणाची वस्तू हातात आली असावी, असा.

मी अक्षता टाकल्या.

त्याला सरकारी इस्पितळात नेलं त्याच्या भावानं. तिथल्या डॉक्टरांनी एक-दोन प्रश्नांतच ओळखलं आणि वर कळवलं. निरीक्षक कारखान्यात आले, भट्टी काही दिवस बंद झाली, आणि चेन्नईच्या मुख्य ऑफिसातून आमच्याकडे चौकशीला दोघं आले. रक्ताचे अहवाल तर भानूच्या हाताखालून गेलेले. मग तिनं कळवलं का नाही?

तिला आत बोलावलं, मग मला. वेगवेगळं. ती काय म्हणाली ते त्यांनीच मला सांगितलं — की तिनं मला सांगितलं होतं आणि मी थांबायला लावलं.

“तिनं तुम्हाला सांगितलं होतं का?” त्यांतल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं. अगदी सौम्यपणे. मला वाटतं, त्यांना ‘हो’ चाललं असतं.

“नाही,” मी म्हणालो.

एवढंच. आधी ठरवलं होतं का? खरं सांगू — नव्हतं ठरवलं. पण तो शब्द कधीचा तयार असल्यासारखा बाहेर आला. पुढं मी आणखीही बोललो. म्हणालो, मुलगी हुशार आहे, पण नवीन आहे, घाबरली असेल, सांभाळून घ्या. म्हणजे खोटं बोललो, आणि वर तिच्यावर दया दाखवली.

भानूला काढलं. त्या संध्याकाळी ती जिन्यात भेटली तेव्हा मी तिला काय सांगितलं असेल? मी म्हणालो, मी तुझ्या बाजूनं पुष्कळ बोललो गं, पण ऐकलं नाही त्यांनी. तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, ठाऊक आहे मामा. दुसऱ्या दिवशी गुरुमूर्ती राव घरी आले, फळं घेऊन. माझे आभार मानायला. माझ्या बायकोनं त्यांना कॉफी दिली, आणि ते खाली बघत म्हणाले, तुम्ही होता म्हणून निदान तिच्या नावावर पोलिसांत काही गेलं नाही. मी त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला गेलो. ती फळं आम्ही खाल्ली.

पुढच्या निकालाच्या वेळी कुणी गुंतवणूकदारानं फोनवर हा विषय काढलाच. साहेबांनी शांतपणे उत्तर दिलं. एका व्यक्तीची चूक होती, कारवाई केली आहे, करार कायम आहे, पुढचा अंदाज आहे तोच. मग पुढचा प्रश्न आला, कुठल्या तरी नव्या प्रयोगशाळेबद्दल. मी कानाला फोन लावून ऐकत होतो. मला सुटल्यासारखं वाटलं. हे सांगायला फार जड जातंय, पण तसंच वाटलं. वर्षभरात माझ्याकडे तिरुचीची शाखाही आली.

कलियपेरुमाळवर बरेच दिवस उपचार झाले. रक्त साफ झालं. हात थोडा परत आला. पेला उचलतो, सदऱ्याची बटणं लावतो. तविल नाही. आता तो तिरुवैयारूच्या एका मंगल कार्यालयात खुर्च्या मांडायचं काम करतो. आतमध्ये दुसरे वाजवत असतात. मी तिथं एका मुंजीला गेलो होतो. त्यानं मला ओळखलं, खुर्ची पुसून दिली आणि भाचीला मूलबाळ काय म्हणून विचारलं. माझ्याबद्दल त्याच्या मनात काही नाही. असणार कसं? त्याला वाटतं, एका कोवळ्या डॉक्टरीण बाईंच्या हातून राहून गेलं.

इथपर्यंत कदाचित मी पचवलं असतं. माणूस काय काय पचवतो. पण गेल्या महिन्यात भानू घरी आली होती.

ती आता ओरत्तनाडूला एका छोट्या दवाखान्यात बसते. सर्दी, ताप, लहान मुलं. कारखान्याचं काम तिनं पुन्हा घेतलं नाही. बायको आत डोसे घालत होती, आम्ही दोघं ओसरीवर. इकडचं तिकडचं झालं, वडिलांच्या गुडघ्यांचं झालं. मग ती म्हणाली, एक विचारायचं होतं.

तिनं सांगितलं ते असं. इतकी वर्षं तिला खात्री होती की तिनं मला सांगितलं होतं. केबिन, बंद दार, नंतरचं माझं ‘कळवलंय’, सगळं आठवत होतं. पण अलीकडे ती स्वतःलाच विचारते — खरंच सांगितलं होतं का? की सांगायचं ठरवलं होतं, आणि पुढं आपल्या मनानंच ते घडवलं? कारण मामा तर खोटं बोलणार नाहीत. आणि चौकशीला आलेले ते दोघं तिला म्हणाले होते, तुमच्या म्हणण्याला कुणाचाच दुजोरा नाही. तेव्हा तिला वाटलं होतं, ते दडपण आणायला तसं म्हणताहेत. आता तिला एखादा पेशंट तपासून झाला, तरी पुन्हा बोलावून तपासावासा वाटतो. औषध लिहिलं की नाही, हे ती नर्सला विचारते. स्वतःच्या आठवणीवर तिचा भरवसा राहिलेला नाही.

“मामा, तुम्हांस काय आठवतं?” तिनं विचारलं. “मी सांगितलं होतं का तुम्हांस? काय असेल ते सांगा. मी वाईट नाही वाटून घेणार.”

मी तिच्याकडे पाहिलं. आतून कढईत मोहरी तडतडल्याचा आवाज आला. साहेब निवृत्त झालेत. कारखान्याचे मालक बदललेत. मलाही आता थोडीच वर्षं राहिली. कुठली तिमाही, कुठला निकाल? माझं काय गेलं असतं?

“फार दिवस झाले गं,” मी म्हणालो. “पण नाही... तू सांगितल्याचं मला काही आठवत नाही.”

तिनं मान हलवली. दोनदा, सावकाश. “मग माझंच चुकलं,” ती म्हणाली. “बरं झालं विचारलं.” तेवढ्यात बायकोनं हाक मारली आणि आम्ही जेवायला उठलो. ती दोन डोसे जेवली. जाताना माझ्या पाया पडली.

तिनं मला सांगितलं होतं. उभ्यानं सांगितलं होतं, स्पष्ट शब्दांत. मी सगळं ऐकलं होतं.