तलाव बुजवला तो दिवस

अलाबामातल्या त्या जिल्ह्याच्या गावी कोर्टामागं पोहण्याचा तलाव होता. तिथले टॉवेल ओझेला बॅस्कम वर्षानुवर्षं धूत आली होती, पण तलाव गोऱ्यांचा. काळ्यांच्या पोरांना तिथं फिरकायची सोय नव्हती. म्हणून तिचा मुलगा थॅडियस उन्हाळ्यात नदीवर जायचा. एका दुपारी तो तिथंच बुडाला.

पुढच्या वर्षी न्यायालयानं तलाव सगळ्यांना खुला करायला सांगितलं. ओझेलाला वाटलं, निदान शेजारणींची पोरं तरी आता नदीवर जायची नाहीत. पण काळ्यांसोबत पोहायला नको म्हणून गावानं तलावच बुजवायला काढला. ती धावत गेली, तर तिच्याच चर्चमधला लेम्युएल ट्रकनं भरल्या पाण्यात माती ओतत होता.

"अरे लेम्युएल, हे तू करतोयस?"

"मी नाही म्हटलं तर दुसरा करील, मावशी. घरी लेकरं आहेत माझी."

"मलाही होतं रे एक."

लेम्युएलनं इंजिन बंद केलं. तिच्याकडं बघायचा त्याला धीर होईना. मुकादम ओरडला, तसं त्यानं ट्रक पुन्हा सुरू केला.

पुढं तिथं हिरवळ लावली. ओझेला मात्र ती जागा टाळून बाजाराला शेवटपर्यंत लांबच्या वाटेनं जात राहिली.