खजिना घेऊन पळालेली चांदणी

आम्ही लोणावळ्याचे घोडेवाले. एरवी आमच्याकडे सांगण्यासारखं काय असणार? पण इटलीच्या लोकांनी पठारावर विनोदी काउबॉय पिक्चरचं शूटिंग केलं, आमचे घोडे घेतले, आणि एवढे किस्से साठले की आता गिऱ्हाईक आलं तरी गप्पा थांबत नाहीत!

*

दोन टोळ्या चोरीच्या सोन्याच्या पेटीमागे लागलेल्या, अशी गोष्ट. असिस्टंट मॅडमनी ती समजावल्यावर आमच्यातले सर्वांत जुने आबा म्हणाले, "चोरीचा माल हाय, तर पोलिसांत का जात न्हाईत?"

"आबा, मग पिक्चर दहा मिनिटांत संपेल!"

"बरंच हाय की! घोडी येळेवर पाणी पितील."

*

खलनायक सहा फुटी, दाढीवाला. नुसता बघितला तरी अंगावर काटा! पण कॅमेरा दिसला की आबा गिऱ्हाइकाचे फोटो काढायच्या सवयीनं ओरडायचे, "हितं बघा, हसा!" आणि स्वतः बत्तीशी दाखवायचे. तो बिचाराही दाखवायचा. तीन टेक असेच गेले.

*

बंदुकीच्या आवाजाला घोडे बुजतील, अशी सगळ्यांना धास्ती. धाडधाड बार उडाले, घोडे ढिम्म! तेवढ्यात कुणीतरी मक्याचं कणीस सोललं. दोन्ही टोळ्या वैर विसरून कणसाभोवती गोळा!

*

माझ्या चांदणीचं मात्र अवघड झालं. पेटी घेऊन पळणाऱ्या हीरोची घोडी तीच. पळाली झकास, पण आमची पॉइंटवरची गिऱ्हाइकाची फेरी दोनशे पावलांची. तेवढी झाल्यावर ती वळली आणि हीरोला थेट पाठलाग करणाऱ्यांच्या अंगावर घेऊन आली! पाच वेळा तेच.

मॅडम म्हणाल्या, "उद्या जमलं नाही, तर पुण्याहून दुसरी घोडी येईल."

शिंगरू होती तेव्हापासून मी वाढवलेली. चांदणी पिक्चरमध्ये दिसणार, असं परंदवडीच्या मामापर्यंत सगळ्यांना सांगून बसलेलो. 

सकाळी धीर करून डायरेक्टरपुढे गेलो. माझी शाळा सातवीत सुटलेली, त्याच्याशी काय बोलणार? मॅडमना म्हटलं, "तिचं त्वांड पॉइंटकडं करा. तिकडं ती सरळ पळती."

पळाली की! पाठलाग करणारे मागे पडले, कॅमेरा मागे पडला. हीरो ओरडतोय, चांदणी थांबेना. आम्ही जीपनं पॉइंटवर पोचलो, तर ती आपल्या जागेवर, रांगेत उभी. पाठीवर हीरो, त्याच्या पुढ्यात पेटी, पेटीला टेकून बसलेलं चार वर्षांचं एक पोरगं, आणि त्याची आई मोबाइलवर फोटो काढतेय!

डायरेक्टर ते बघून खो खो हसला. मग मॅडमच्या कानात काहीतरी बोलला.

"पुण्याची घोडी नको म्हणतात," मॅडम मला म्हणाल्या आणि त्या बाईंकडे वळल्या. "ताई, उद्या पुन्हा मुलाला घेऊन याल का?"

"येऊ की! पण तेवढी ती पेटी काढायला सांगा हो. पोराला टोचते."