पूजेचं पाणी आणि तीन राउटर

"मुट्ट बेडा," विभागप्रमुख कानडीत म्हणाले. हात लावू नकोस.

आयुधपूजेचा दिवस. कॉलेजची नेटवर्क लॅब. तीन राउटरच्या रॅकला झेंडूची माळ. माझ्या हातात फडकं. सकाळी रॅक मीच पुसला होता. बारा वर्षं मी तिथं लॅब असिस्टंट आहे. वायरी मी जोडते, पोरांना प्रॅक्टिकल मी शिकवते.

"तुम्ही लोक देव मानत न्हाई ना? मग दाराबाहेर थांब."

आम्ही मुडबी गावचे बौद्ध. पण प्रश्न देवाचा नव्हता. पोरं बघत होती. मी बाहेर जाऊन थांबले.

दारातून सगळं दिसत होतं. आवक-जावक बघणारी अक्का ताट धरून उभी. सरांनी तांब्यातलं पाणी रॅकवर शिंपडलं. हळद-कुंकू कालवून वरच्या जाळीवर बोटं ओढली. थेंब आत गेले.

"सर, मशीन चालू हाय. पाणी नका टाकू."

"तू शिकव आता मला."

पोरं हसली. अक्काही हसली.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर लॅब उघडली तर तिन्ही राउटर बंद. आत कुंकू वाळलेलं. त्याच आठवड्यात मला नोटीस आली. निष्काळजीपणे हाताळल्यामुळे उपकरणं निकामी झाली. लेखी माफी मागा, नाहीतर पुढच्या वर्षीचं कंत्राट नाही.

मी अक्काकडे गेले.

"अक्का, ताट तुमच्या हातात होतं. पाणी कुणी टाकलं, एवढं एक लिहून द्या."

"मला कामून मधे ओढायलीस गं? मला दोन पोरी हायत."

"मला न्हाईत काय?"

तिनं पुढची फाइल उघडली.

बारा वर्षं आम्ही समोरासमोर डबे उघडले. तिची शेंगापोळी मी खाल्ली. माझ्या डब्यातलं तिनं कधी घेतलं नाही. पित्त आहे म्हणायची. मी तिच्यासाठी बिनतिखटाची भाजी आणायला लागले. तरी पित्तच. त्या दुपारी टेबलाशी उभी असताना मला कळलं, पित्त कधी नव्हतंच. बारा वर्षं एवढी साधी गोष्ट कळली नव्हती. सरांचं मला फार लागलं नव्हतं. हे लागलं. अजून लागतं.

परीक्षा तोंडावर होती. पोरांचं वर्ष जाऊन चालणार नव्हतं. राउटरच्या आत जे सॉफ्टवेअर चालतं, ते एका फाइलमध्ये मिळतं. तिला इमेज म्हणतात. मोफत दिलेली इमेज घ्यायची आणि कॉम्प्युटरच्या आतच राउटर उभा करायचा. घरी मी त्याच्यावरच शिकले होते. लॅबमधले कॉम्प्युटर जुने, मेमरी कमी, म्हणून एकेका मशीनवर चारच बसवले. पोरांनी चारही राउटर एकमेकांना जोडले, एक जोड मुद्दाम तोडला, निरोप दुसऱ्या वाटेनं पोचताना बघितला. खऱ्या राउटरच्याच कमांड, खऱ्यासारख्याच चुका.

ह्या राउटरला हात लावता येत नाही. मलाही नाही, सरांनाही नाही.

परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे कुणी उभं केलं? सर म्हणाले, "आमच्या विभागानं." मग मला केबिनमध्ये बोलावलं.

"ही लॅब माझ्या नावावर दाखवू. तू दोन ओळींची माफी लिही. कंत्राट चालू राहील."

"न्हाई, सर."

"डोकं फिरायलंय का तुझं?"

"व्हय. बारा वर्षांनी."

नोटिशीला उत्तर मी स्वतःच्या हातानं लिहिलं. पाणी कुणी टाकलं. ताट कुणी धरलं होतं. मला बाहेर का थांबवलं. नवी लॅब कुणी उभी केली. चार ओळी, तीन नावं. कागद घेऊन आवक-जावकच्या टेबलाशी गेले. अक्कानं वाचला. तिनं शिक्का बाजूला ठेवला.

"माझं नाव काढ गं. मी तुला बहिणीसारखी हाय."

"शिक्का मारा, अक्का. तारीख टाका."

तिनं मारला. माझी प्रत मी घडी घालून पिशवीत ठेवली.

कंत्राटाचं अजून काही कळलेलं नाही. गेलं तर जाईल. डबा मी आता लॅबमध्ये खाते, दार सताड उघडं ठेवून. कंत्राट राहिलं तर पुढच्या पूजेला मी दाराबाहेर उभी राहणार नाही. ह्या कॉम्प्युटरांजवळ उभी राहीन, आणि तांब्या उचलला गेला की आधी बटण बंद करीन. माझ्या हातानं.